तीच गाडी कीं दुसरी?

एखादी जुनी वस्तु ‘मूळची’ आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्या शब्दाचा अर्थ काय घ्यावयाचा? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राचा नव्हे. १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयापुढें तो एका मोटारीच्या निमित्तानें उभा राहिला, आणि त्यावर एक कोटि पौंडांचा सौदा अवलंबून होता.

ती मोटार म्हणजे बेंटले कंपनीची ‘स्पीड सिक्स’. शौकीन मंडळी तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात. सहा सिलिंडरांच्या, साडेसहा लिटर एंजिनाच्या या गाडीनें फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोनदां जिंकली. दोन्ही वेळां चालकांपैकीं एक होते वुल्फ बार्नाटो, म्हणजे कंपनीस भांडवल पुरविणारे तिचे अध्यक्षच! परंतु शर्यतींतील यश व्यापारांत उतरतेंच असें नाहीं. १९३१ सालीं कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसच्या हातीं गेली.

गाडी मात्र धांवत राहिली. झिजलेले भाग वेळोवेळीं बदलले गेले. १९३२ सालीं आठ लिटरचें एंजिन घालून ती इंग्लंडांतील ब्रुकलंड्सच्या शर्यतींत उतरली, तेव्हां वळणाच्या उंच बांधावरून पलीकडे कोसळली व चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर ती पुन्हां बांधण्यांत आली. अखेर १९९० सालीं विक्रीचा करार ठरल्यावर खरेदीदार म्हणूं लागले, “ही ती गाडीच नव्हे!”

न्यायमूर्ति ऑटन यांनीं पुरावा बारकाईनें तपासला. १९२९ सालच्या गाडीचे अगदीं थोडे भाग उरले आहेत, हें त्यांनीं मान्य केलें. तथापि तिच्या इतिहासाचा धागा कोठेंहि तुटलेला नाहीं व त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाहीं. सबब ‘ओल्ड नंबर वन’ ती हीच, असा निर्णय त्यांनीं दिला.

आम्हांस हा निर्णय यथार्थ वाटतो. चार पिढ्या नांदलेल्या वाड्याच्या तुळया बदलतात, कौलें बदलतात, माणसेंहि बदलतात. तरी वाडा तोच, कारण प्रत्येक बदल त्यांत राहूनच झालेला असतो. मात्र त्या गाडीचा कोणता भाग केव्हां बदलला याचा माग काढतां आला, म्हणूनच तिचें नांव टिकलें. आपल्या घरांत काय बदललें, केव्हां व कां, हें लिहून ठेवणारीं कुटुंबें किती आहेत? वस्तु झिजल्यानें धागा तुटत नाहीं. तो तुटतो विस्मरणानें.