धक्का पहाटेचा, तारीख आदल्या दिवसाची

2018 च्या नोव्हेंबरपासून आपल्या डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली, तेव्हापासून धक्क्यांच्या बातम्या करतोय. त्यातली एक चूक आज कबूल करतो.

पहाटे तीनच्या सुमाराला धक्का बसला. धुंदलवाडीकडून फोन आले. मी एका परदेशी ॲपवर बघितलं, तर तारीख आदल्या दिवसाची आणि वेळ रात्री साडेनऊची. म्हटलं, अरे, हा वेगळाच धक्का दिसतोय! आणि दिली बातमी ठोकून, एका रात्रीत दोन धक्के म्हणून. आधीच माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती, त्यात माझी ही भर.

धक्का एकच होता. ॲप जागतिक वेळ दाखवत होतं आणि आपलं घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे काहीही घडलं, तर तिथे आदल्या दिवसाची तारीख पडते. बहुतेक संगणक 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजत बसतात, तेही जागतिक वेळेनेच. त्यात काही गैर नाही. गैर एवढंच, की ती वेळ आपल्यासमोर आणताना वेबसाइट बनवणारा साडेपाच तास मिळवायला विसरतो, किंवा ही वेळ कुठली ते लिहीत नाही. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र वेळेसोबत आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, असं लिहितं. तेवढी दोन-तीन अक्षरं पुरतात.

माझी चूक दुसऱ्या दिवशी सुधारता आली. तलासरीकडच्या एका बाबांचं तसं झालं नाही. 1 फेब्रुवारी 2019 चा 4.1 चा धक्का तुम्हाला आठवत असेल. त्यात त्यांच्या भिंतीला तडे गेले. अर्जावर तारीख लिहिली 01/02/2019. ती संगणकात भरली गेली आणि छापून आली 2 जानेवारी! अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो ना. 12 तारखेनंतरचा धक्का असता तर फॉर्मने निदान तक्रार तरी केली असती. इथे दोन्ही तारखा खऱ्या वाटणाऱ्या, दोन्ही भूकंपाच्याच दिवसांतल्या. 'पंचनाम्याशी तारीख जुळत नाही' म्हणून बाबांना परत पाठवलं. दोन खेपा, दोन दिवसांची मजुरी बुडाली, रिक्षाभाडं वेगळंच.

आणखी एक भानगड. आपल्याकडे डोंगरपट्ट्यात रेंज नसते. फोटो आज काढला तरी वर चढतो उद्या, आणि काही फॉर्म चढवल्याची वेळ हीच घटनेची वेळ धरतात. घटना कधी घडली आणि नोंद कधी झाली, यासाठी दोन वेगळे रकाने हवेत. महिना आकड्यात नको, अक्षरात हवा. वेळेपुढे 'भारतीय वेळ' असं लिहिलेलं हवं. याला वेगळा निधी लागत नाही, प्रोग्रॅमरचं फार तर एका दुपारचं काम आहे. सरकारी साइटचं कंत्राट देताना या अटी घालायला काय हरकत आहे? निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांनी हे एकदा विचारावं.

बाबांना तारीख नीट आठवत नव्हती, पण वार पक्का आठवत होता. शुक्रवार. 2 जानेवारीला बुधवार होता. पण फॉर्ममध्ये वाराला जागाच नव्हती.