हातातला हिमपर्वत आणि मनातला प्रमाद



या सदरात आपण आजवर मुलांच्या अभ्यासाविषयी, घरखर्चाविषयी, विहारातल्या संस्कारवर्गाविषयी बोलत आलो. आज एका खेळाविषयी बोलायचे आहे, आणि तोही मोबाईलवरच्या. ‘हे काय नवीन काढलंत?’ असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात खोली एक, मोबाईल एक आणि दहावीतली मुलगीही एक, त्या घराला हा विषय मुळीच नवीन नाही.

परवा कामावरून आलो तर आमची कन्या पुस्तक पालथे घालून मोबाईलवर बोट टेकवत बसलेली. आमचा आवाज चढला. तिने शांतपणे मोबाईल पुढे केला. ‘‘पप्पा, खुशाल ओरडा. पण आधी एकदा खेळून तर बघा.’’ रागाच्या भरात आम्ही तो हातात घेतला, आणि वाढलेले ताट थंड झाले तरी खाली ठेवला नाही.

खेळाचे नाव ‘अल्टोज अ‍ॅडव्हेंचर’. कॅनडातील टोरांटोच्या ‘स्नोमॅन’ या छोट्या कंपनीने हॅरी नेस्बिट या इंग्रज चित्रकाराच्या साथीने तो २०१५ साली काढला. अल्टो नावाचा मुलगा पायाखाली फळी बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत जातो. त्याचे लामा पळालेले असतात, ते त्याला पकडायचे असतात. हे लामा म्हणजे तिबेटातले भिक्खू नव्हेत, दक्षिण अमेरिकेतली लोकरीची जनावरे! बोट टेकवले की उडी, दाबून धरले की हवेत कोलांटी. वाटेत खडक येतात, दरी येते, गावातला एखादा म्हातारा जागा होऊन मागे लागतो. दिवस मावळतो, चांदणे पडते, वादळ सुटते. आपटलो की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आम्ही जन्मात बर्फ पाहिला तो सरबतवाल्याच्या गाडीवर. म्हणून हा खरा खेळ काय असतो ते समजून घेतले. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी बनवली. तिच्यातूनच पुढे स्नोबोर्डिंग वाढले, आणि १९९८ साली जपानच्या नागानो येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दाखल झाले. पण सुरुवातीला स्की खेळणाऱ्यांच्या बहुतेक मैदानांनी या पोरांना दारातच अडवले. आजही अमेरिकेत अल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी स्नोबोर्डला मनाई आहे. अल्टाच्या बंदीविरुद्ध काहीजण कोर्टात गेले, पण तिथेही ते हरले.

‘प्रवेश बंद’ हे शब्द दिसले की आपले कान टवकारतात. तरी फरक ओळखला पाहिजे. तिथे फळी बाहेर ठेवली की माणूस आत जाऊ शकतो. आपल्या आजा-पणज्यांना बाहेर काढून ठेवण्यासारखे काहीच नव्हते, कारण त्यांचा जन्मच अडवला जात होता. म्हणून त्या बंदीची आणि अस्पृश्यतेची बरोबरी आम्ही करणार नाही. मात्र नव्या पिढीचा खेळ न पाहताच नाक मुरडण्याची खोड सगळीकडची सारखीच. त्या दिवशी आम्हीही तेच केले होते.

आता मोबाईलमधला डोंगर आणि खरा डोंगर यांतला फरक पाहा. मैदानाची आखलेली वाट सोडून रानातल्या ताज्या बर्फावर जाणे यात मोठी जोखीम असते. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्गला असे खेळाडू जगभरातून येतात. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमकडा सुटण्याचा धोका सर्वांत जास्त. म्हणून जाणकार माणूस एकटा जात नाही. प्रत्येकाजवळ तीन वस्तू असतात : संदेश देणारे-घेणारे छोटे यंत्र, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब कांब आणि फावडे. बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा मोठी, नंतर ती झपाट्याने कमी होते. बाहेरची मदत पोचायला वेळ लागतो, म्हणून वाचवायचे ते सोबत्यानेच. मोबाईलमध्ये दहादा मेलो तरी अकरावा डाव मिळतो. खऱ्या डोंगरावर तो मिळत नाही, आणि दहावीच्या वर्षालाही नाही.

हे शहाणपण आम्ही मुलीला सांगणार होतो. पण आधी आम्हीच आपटलो. ‘एकच डाव’ म्हणता म्हणता तीन रात्री बारा-बारा वाजले. रविवारी जाग आली तेव्हा विहारातली वंदना आटोपून लोक घरी परतत होते. मुलांची आई एवढेच म्हणाली, ‘‘पोरीला नियम आणि बापाला सूट, असं घर बाबासाहेबांचं नव्हे.’’ आम्ही गप्प बसलो.

मग मुलीनेच दाखवले की याच खेळात ‘झेन’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात गुण नाहीत, नाणी नाहीत, हार-जीत नाही. पडलो तर उठायचे आणि पुढे जायचे. हा शब्द कुठून आला, असे तिला विचारले. ‘‘जपानी असेल,’’ ती म्हणाली. जपानी खरा, पण निघाला इथूनच. संस्कृतातले ध्यान, पालीतले झान, ते धम्माबरोबर चीनला गेले तेव्हा ‘चान’ झाले आणि जपानला पोचले तेव्हा ‘झेन’. आपल्याच घरचा शब्द कॅनडाच्या वाटेने आपल्या खोलीत परत आला होता. ऐकून मुलीचे डोळे चमकले. आम्हालाही बरे वाटले.

परंतु नाव झेन दिले म्हणून खेळ ध्यान होत नाही. पंचशीलातले पाचवे शील आपण दारूपुरतेच लक्षात ठेवतो. त्यात ‘प्रमाद’ हाही शब्द आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणे. तथागतांच्या अखेरच्या उपदेशातही अप्रमादाचाच आग्रह आहे. बाटली असो की मोबाईल, वेळेचे आणि माणसांचे भान गेले की तो प्रमाद. भान ठेवून अर्धा तास खेळले तर तो विरंगुळा, आणि कष्टकऱ्याच्या पोरालाही विरंगुळ्याचा हक्क आहे. दोष मोबाईलवर ढकलून आपल्याला सुटता येणार नाही.

आम्ही घरात तिघांनी बसून नियम केला. अभ्यास झाल्यावर अर्धा तास, घड्याळ मुलीने स्वतः लावायचे, आणि तोच नियम बापालाही. जेवताना मोबाईल फळीवर. मग लक्षात आले की या हिशेबात मुलांच्या आईच्या वाट्याला खेळ आलाच नाही! त्या रात्री भांडी आम्ही घासली आणि ती झेनवर बसली. चारदा पडली, चारही वेळा हसली. तिला असे हसताना पाहून किती दिवस झाले होते, याचा हिशेब आम्हाला लागेना.

झोपताना मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा, खऱ्या बर्फात आपल्यासारखे कोणी जातात का?’’ आम्ही तिला मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंद कुमार यांची गोष्ट सांगितली. एक आदिवासी मुलगी, एक दलित मुलगा. दोघेही सरकारी समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारे, शेतमजुरी-कष्टाच्या घरातले. २५ मे २०१४ रोजी दोघांनी एव्हरेस्ट सर केले. पूर्णाला तेव्हा चौदावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पण त्याआधी महिनोन् महिने त्यांची कसून तयारी झाली होती.

मुलीने काही विचारले नाही. घड्याळाचा गजर पहाटे पाचला लावला आणि मोबाईल फळीवर ठेवला.

वाचकहो, आपल्या घरी मुलांना ओरडण्यापूर्वी एकदा त्यांच्या शेजारी बसा. काय खेळतात ते पाहा, आणि घड्याळ मात्र दोघांसाठी सारखेच लावा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!