युद्धकालीन खंजिरांचे मोल

संपादक महाशयांस,


‘जे महायुद्धातले ते दुर्मिळच’ असा जो निवाडा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, त्यास माझी हरकत आहे. शांघायच्या पोलीस दलात अनुभव घेतलेल्या फेअरबेर्न व साइक्स या उभयतांनी योजिलेला, विल्किन्सन कारखान्याने घडविलेला ब्रिटिश कमांडोंचा दुधारी खंजीरच पाहावा: १९४१ च्या पहिल्या नमुन्याची परज इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणे वळलेली, मुठीलगतचे पाते सपाट, आणि अल्पकाळच निघाल्याने तो खरोखर विरळ, दुसऱ्याची परज सरळ, परंतु कड्याकड्यांच्या ओतीव मुठीचा तिसरा नमुना इतका विपुल निघाला, व युद्धानंतरही निघत राहिला, की केवळ ‘कमांडोंचा’ एवढ्या दाखल्यावर त्यास पहिल्याचा भाव देणे ही शुद्ध उधळपट्टी होय.

नमुन्याइतकेच महत्त्व अवस्थेस आहे. पोशाखावर शिवण्यासाठी म्यानास चामड्याच्या ज्या चार पट्ट्या असत, त्या सैनिकांनी बहुधा कापून टाकल्या; म्हणून त्या शाबूत असलेले म्यान अधिक मोलाचे. उलटपक्षी, हौसेने घासून चकचकीत केलेल्या पात्यावरील अक्षरे एकदा पुसट झाली की किंमत उतरलीच. (हा अपराध प्रस्तुत लेखकाकडूनही एकदा घडला आहे.) विक्रेत्याने सांगितलेल्या शौर्यकथेस, लेखी दस्तऐवज नसेल तर, एक छदामही अधिक देऊ नये.

पत्रलेखकांनी आपल्या खंजिराची परज सरळ की वळलेली, आणि मूठ कोणत्या घडणीची, एवढेच कृपया कळवावे.

आपला,
एक जुना संग्राहक