फुटवे मोजायला मोबाइल

संगमेश्वरहून देवरुखला जाताना जुलैत कुठल्याही वळणावर खाली बघा. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, तळाशी पऱ्या, आणि डोक्यावर असं आभाळ की दुपारी दोनला दिवे लावावेत. एका खाचरातला भात तरारलेला, शेजारचा पिवळा. का? ‘जमिनीचा फरक,’ असं कुणीही सांगेल. पण किती पिवळा, कोणत्या आठवड्यापासून, फुटवे किती कमी, हे विचारलंत की गप्प. पीकसुधारणेच्या संशोधनाचाही खोळंबा नेमका इथेच झालाय.

4 मे 2025 ला केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, ‘डीआरआर धान 100 (कमला)’ आणि ‘पुसा डीएसटी राइस 1’. चर्चा अर्थातच जनुकांची झाली. खरं तर जनुकं वाचणं आता स्वस्त झालंय. 2001 च्या सुमारास माणसाचा एक जीनोम वाचायला जवळपास 10 कोटी डॉलर लागायचे, आता हजार डॉलरच्या आत भागतं. भाताचा जीनोम 2005 मध्येच वाचून झाला आणि 2014 मध्ये तर एकदम तीन हजार वाणांचा. महाग राहिलंय ते दुसरं टोक. ती जनुकं घेऊन रोप चिखलात उभं राहतं तेव्हा करतं काय, हे मोजणं. याला म्हणतात फिनोटायपिंग. शेकडो वाण, प्रत्येकाचे दोन-तीन वाफे, प्रत्येक वाफ्यातल्या रोपांची उंची, फुटवे, लोंबीची लांबी. एकाने पट्टी घेऊन वाकायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं. कोकणातल्या पावसात ती वही किती टिकते, हे वेगळं सांगायला नको.

यंत्रं आहेत. दिल्लीच्या ‘पुसा’ संस्थेत 2017 मध्ये नानाजी देशमुख प्लांट फिनॉमिक्स सेंटर सुरू झालं. तिथे कुंड्या पट्ट्यावरून सरकत कॅमेऱ्यासमोर येतात. हैदराबादजवळ इक्रिसॅटमध्ये ‘लिझीस्कॅन’ आहे, त्यात लेझर स्कॅनर रोपांवरून फिरून पानांचं क्षेत्रफळ टिपतात. आपल्याकडे बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेतही अशी सोय आहे. पण बारामतीचं दुखणं पाण्याच्या टंचाईचं. आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, उन्हाचा तुटवडा आणि ऐन कापणीच्या तोंडावर आडवा होणारा भात. कुंडीत जोमदार दिसलेलं रोप इथल्या उतारावर काय करेल, ते इथेच बघावं लागतं.

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी. छान. पण शेतीतलं एआय म्हटलं की सगळ्यांना आधी उपग्रह आठवतो, आणि उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्याला जुलैत कोकण दिसतच नाही. दिसतात ते ढग. ड्रोनलाही वारा-पाऊस सोसत नाही. म्हणजे मोजणाऱ्याने इथे खाचराच्या बांधावरच यायला हवं.

मोबाइल घेऊन येता येतं की! कॅमेरा ठरावीक उंचीवर धरून वरून फोटो काढायचा आणि त्यातले हिरवे पिक्सेल मोजायचे. पिकाने किती जमीन झाकली ते टक्क्यांत कळतं. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचं ‘कॅनोपिओ’ अ‍ॅप हेच करतं. ‘इमेजजे’ आणि ‘प्लांटसीव्ही’ ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. दर आठवड्याला तोच वाफा टिपला की वाढीचा आलेख तयार. गंमत म्हणजे उपग्रहाला आंधळं करणारं आभाळ इथे मदतीला येतं, कारण ढगाळ उजेडात सावल्या पडत नाहीत.

फसगतही होते. मोबाइल स्वतःहून फोटो ‘सुंदर’ करतो, त्यामुळे पिवळं पान हिरवं दिसू शकतं. म्हणून फ्रेममध्ये पट्टी आणि रंगांचं कार्ड हवं, आणि एक्स्पोजर लॉक केलेलं. ओल्या पानांची चकाकी, मधलं तण, दोन कंपन्यांचे दोन कॅमेरे, सगळं आकडा बिघडवतं. मुळं तर दिसतच नाहीत. दाट गुंतलेले फुटवे अजूनही हाताने मोजून पडताळावे लागतात. ‘अ‍ॅप आलं, काम झालं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग एवढा खटाटोप कशाला? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये ‘पटेल-3’ भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यातून ‘एचएमटी’ तांदूळ आला. त्यांची नजर हेच त्यांचं यंत्र होतं. पण आज शेतकऱ्याला स्वतःचा वाण 2001 च्या कायद्याखाली आपल्या नावावर नोंदवायचा तर तो वेगळा आहे, हे लक्षणं मोजून ठरतं. भातासाठी अशी 62 लक्षणं ठरवून दिलेली आहेत. दक्षिण कोकणातले वालय, मुणगा असे जुने भात ज्यांनी जपले, त्यांच्याकडे बियाणं आहे, आकडे नाहीत.

नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. कोकण कृषी विद्यापीठाचं शिरगावचं भात संशोधन केंद्र संगमेश्वरपासून तासा-दीड तासावर. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात. अडचण वेळापत्रकाची आहे. लावणी जुलैत, लोंबी सप्टेंबरात, आणि एनएसएसचं शिबिर गावात पोचतं ते बहुतेकदा डिसेंबरात, खाचरात नुसती धसकटं उरल्यावर.