सर्वत्र चालते, म्हणून सुरक्षित?

'जे सगळे वापरतात, तेच बिनधोक' ही समजूत मध्यमवर्गीय घरांत आणि सरकारी कचेऱ्यांत घट्ट रुजली आहे. संगणक घेताना 'विंडोज'खेरीज अन्य कार्यप्रणालीचा विचारही अनेकांच्या मनाला शिवत नाही.

या समजुतीत तथ्य नाही, असे नाही. प्रिंटर जोडताच तो चालू लागावा, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला दोष चटकन उमगावा, ही प्रचलित प्रणालीची सोय खरीच. 'लिनक्स'कडे वळणाऱ्याला काही किरकोळ कटकटी सोसाव्या लागतात. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सची वाट धरली आणि २०१७ साली माघारीचा निर्णय घेतला, हे विसरून चालणार नाही.

परंतु कटकट वेगळी आणि संकट वेगळे! १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प केले. चूक विंडोजच्या निर्मात्यांची नव्हती. पण त्या अपडेटने गाभ्यालाच धक्का दिला आणि सर्वत्र गाभा एकच होता. भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास आले. लिनक्स आणि मॅकचे संगणक मात्र त्या दिवशी या दोषापासून अलिप्त राहिले. त्यापूर्वी जून २०१७ मध्ये विंडोजवर उलटलेल्या 'नॉटपेट्या'ने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम रोखले होते. मालाने भरलेले ट्रक खोळंबले, ते कोणाच्या अल्पसंख्य आवडीमुळे?

म्हणून अल्पप्रचलित प्रणाली निर्दोष ठरते काय? मुळीच नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या साधनात कोणीतरी पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. तो एका जागरूक अभियंत्याच्या नजरेस पडला, म्हणून अनर्थ टळला.

तात्पर्य, दोष सर्वच प्रणालींत असतात. घात करते ती एकसुरी निवड. घराने आपल्या कामास सोयीची प्रणाली खुशाल वापरावी. पण रुग्णालय, बंदर, विमानतळ यांना ती मुभा नाही. तेथे पर्यायी प्रणाली सज्ज हवी आणि ती हाताळणारी माणसेही हवीत. केरळच्या शाळांनी मुक्त प्रणाली रुजवून दाखवली. 'सी-डॅक'ची 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. उणीव आहे ती इच्छाशक्तीची. जाणता शेतकरी सगळे रान एकाच पिकाखाली आणत नाही. कारण कीड पडते तेव्हा ती बांध पाहून थांबत नाही.