काउंट सांगता, अर्थ कोण सांगणार?

एचआयव्हीबाधित माणसाच्या हातात ‘सीडी-४ : ३००’ एवढेच छापलेला कागद कोंबायचा आणि ‘काउंट पडलाय, जपून राहा’ म्हणून त्याला वाटेला लावायचे, याला आम्ही वैद्यकसेवा म्हणत नाही. ही निव्वळ बेपर्वाई आहे! त्या एका वाक्याने माणसाची झोप उडते, तो मनातल्या मनात निरवानिरव करू लागतो. नवी मुंबईत वाशीपासून बेलापूरपर्यंत रक्त घेणारे उदंड झाले. घेतलेल्या रक्ताचा अर्थ सांगणारे कुठे दडून बसले आहेत?

सीडी-४ म्हणजे रोगप्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी. एचआयव्ही नेमका त्यांच्याच मुळावर उठतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. आता हिशेब पाहा. एकूण पांढऱ्या पेशी ६,०००. त्यांत लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे १,८००. त्यांतल्या २५ टक्के सीडी-४, म्हणजे काउंट ४५०. त्याच माणसाला ताप आला आणि लिम्फोसाइट २० टक्क्यांवर उतरले. एकूण पेशी तेवढ्याच, सीडी-४चे प्रमाण तेच २५ टक्के. पण काउंट झाला ३००! विषाणू जागचा हललेला नाही आणि कागदावर माणूस दीडशेने घसरला. सकाळी काउंट कमी येतो, संध्याकाळी वाढतो. स्टेरॉइड, गरोदरपण, क्षयरोग यांनीही तो उतरतो. म्हणून टक्केवारी पाहायची, मागचे काउंट शेजारी ठेवायचे आणि फरक साधारण ३० टक्क्यांच्या आत असेल तर घाईने निष्कर्ष काढायचा नाही. हे पाठ्यपुस्तकात आहे. कोणा ऋषीचे गुपित नव्हे! ज्या डॉक्टरला तेवढे वाचायला सवड नाही, त्याने रुग्णाला भिववायलाही सवड काढू नये. हे झाले पहिले पाप.

दुसरे पाप याहून मोठे. औषध लागू पडते की नाही हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचे प्रमाण सांगते, काउंट नव्हे. काउंट मागाहून हलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच व्हायरल लोडला अग्रमान दिला, आणि २०१८ पासून आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी फुकट आहे. तरीही विषाणू पुरता दबलेला असताना केवळ काउंट १८०च्या वर जात नाही म्हणून चालू औषधे बदलणारे महाभाग असतील, तर त्यांना काय म्हणावे? आणि काउंट ६०० दिसला म्हणून ‘सगळे झकास’ असे सांगून वाढत्या व्हायरल लोडकडे डोळेझाक करणारे तर त्यांचे सख्खे भाऊ!

तिसरे पाप सरकारी आहे. १ एप्रिल २००४ रोजी देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, सुरू झाली तेव्हा काउंट २००च्या खाली जाईपर्यंत बहुतेकांना औषधासाठी ताटकळावे लागे. पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० झाली आणि २०१७ साली ‘निदान झाले की उपचार’ हे धोरण आले. उत्तम झाले! पण औषधासाठी काउंट लागत नाही, म्हणजे काउंटच लागत नाही, असा सोयीचा अर्थ जो अधिकारी लावील तो माणसे मारील. २००च्या खाली क्षयरोग, न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर दबा धरून असतात. तिथे क्षयाची तपासणी, क्रिप्टोकॉकल अँटिजेनची चाचणी आणि कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिबंधक औषध यांत एका दिवसाचाही उशीर चालत नाही. जिथे घाबरायचे तिथे हे निवांत आणि जिथे धीर द्यायचा तिथे हे घाबरवणार!

आणि चौथे पाप चोरट्यांचे. संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी कायद्याने करता येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी गुपचूप सीडी-४ करून ‘अंदाज’ घेणारा डॉक्टर कायद्यालाही बगल देतो आणि आपले अज्ञानही उघडे पाडतो. काउंट क्षयरोगातही पडतो, त्यावरून एचआयव्हीचे निदान होत नाही. रक्ताच्या रिपोर्टवर माणसाची भाकरी हिरावू नका, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच एका रोजंदारी मजुराच्या खटल्यात बजावले. १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्ही-एड्स कायदा लागू आहे. संमती, गुप्तता आणि भेदभावबंदी हे उपकार नव्हेत, हक्क आहेत.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सर्वाधिक आहे ती महाराष्ट्रात. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात माल उतरवणारा ट्रकचालक, महाप्याच्या कंपनीतला कंत्राटी कामगार रोजावर पाणी सोडून वाशीच्या एआरटी केंद्रात रांगेत उभा राहतो, तो उपचाराच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकात आणखी एक आकडा चढवून घेण्यासाठी नव्हे. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० आणि २०२२ साली देशात तिसरे आलेले हे शहर रस्ते झाडण्याचा अभिमान मिरवते, मिरवू द्या. पण ज्या महापालिकेला कचऱ्याचे वर्गीकरण घरोघर शिकवता येते, तिला रुग्णाला त्याचाच रिपोर्ट समजावणारा माणूस नेमता येत नाही, हे आम्हाला कोणी सांगू नये!

आमची मागणी साधी आहे आणि तिच्यावर घासाघीस होणार नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक सीडी-४ रिपोर्टवर टक्केवारी आणि मागचा आकडा छापला पाहिजे. व्हायरल लोड पाहिल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरने औषध बदलू नये. काउंट २००च्या खाली आला की त्याच दिवशी पुढच्या तपासण्या सुरू झाल्या पाहिजेत. आणि रिपोर्ट देणाऱ्याने रुग्णासमोर बसून, त्याच्या भाषेत, तो समजावलाच पाहिजे. महापालिका आयुक्तांनी एवढे चार ओळींचे परिपत्रक काढावे. त्याला तिजोरी फोडावी लागत नाही, शरम असावी लागते!