पोपटाची तरबियत

गेल्या ईदला जमलेल्या ईदीतून आमच्या थोरल्याने एक कॉकटेल पोपट आणला. जात मूळची ऑस्ट्रेलियाची. अंग फिकट पिवळे, गालांवर नारिंगी ठिपके, डोक्यावर तुरा. रंग पाहून मुलांच्या दादीने नाव ठेवले जर्दा. पहिला आठवडा सारे घर त्याच्याभोवती होते. तिसऱ्या आठवड्यात सारे घर त्याला कुणाला तरी देऊन टाकायला निघाले होते.

‘‘त्यापेक्षा आपला हिरवा मिठ्ठू आणायचा होता,’’ शेजारच्या खाला म्हणाल्या. आमच्या नानीच्या ओसरीवरही मिठ्ठू होता. लोखंडी पिंजरा, छाटलेले पंख, चहात बुडवलेली पोळी. तेव्हा कुणाला त्यात वावगे वाटत नसे. पण आपल्याकडच्या रानातल्या पोपटांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. बाजारात येणारी पिल्ले बहुधा घरट्यातून काढलेली असतात. सफरीत काही सहाबांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली आणि ती व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती पिल्ले तिला परत द्यायला सांगितली. अबू दाऊदमधली ही हदीस आपण मुलांना सांगतो आणि त्याच मुलांसाठी घरट्यातले पिल्लू विकत आणतो, हे जुळत नाही. ज्यांच्याकडे असा मिठ्ठू आहे त्यांनी तो एकदम उडवूनही देऊ नये. छाटलेल्या पंखांचा, हातून खायची सवय लागलेला पक्षी बाहेर तगत नाही. वनविभागाला कळवावे.

जर्दाची तक्रार वेगळीच होती. फजरनंतर उजाडले की तो किंचाळायचा, मगरिबच्या सुमारास पुन्हा. हे थव्यात राहणारे पाखरू. सकाळ-संध्याकाळ सोबत्यांना हाक घालणे त्याच्या स्वभावातच आहे, आणि आमच्या घरात त्याचा थवा म्हणजे आम्हीच. ही हाक बंद करता येत नाही, करूही नये. पण मधली दिवसभराची किंचाळी मात्र आम्ही शिकवलेली होती. तो ओरडला की दादी बिस्किटाचा तुकडा द्यायच्या, धाकटी धावत यायची, आणि आम्ही वह्या तपासता तपासता ‘‘गप बस!’’ म्हणून गरजायचो. त्याच्या हिशेबी तिन्ही सारखेच. ओरडले की कुणीतरी दखल घेते.

बी.एड.ला ‘साधक अभिसंधान’ हा धडा आम्ही पाठ केला होता. स्किनर, त्याची कबुतरे, प्रबलन. परीक्षेत लिहिले आणि विसरलो. जर्दाने तो पुन्हा उघडायला लावला. घरात ठरले की तो किंचाळला तर कुणी बघायचे नाही, बोलायचे नाही. हळू शीळ घातली की मात्र लगेच जायचे, शिळेने उत्तर द्यायचे, राळ्याचे दोन दाणे द्यायचे. पहिले चार दिवस ओरडणे उलट वाढले. ते वाढतेच. रोजचा उपाय चालेना की तो आणखी जोर लावून पाहतो. पाचव्या दिवशी दादींचा धीर सुटला, बिस्किट गेले, आणि आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. फरक दिसायला महिना लागला.

चावणे हा दुसरा प्रश्न. कॉकटेल सहसा सांगून चावतो, आपल्याला ते वाचता येत नाही इतकेच. तुरा ताठ उभा असेल तर तो दचकलेला किंवा सावध आहे. तुरा मागे डोक्याला चिकटला आणि तो फिस्कारू लागला तर रागावला आहे. तुरा सैल, अर्धवट खाली असेल तर निवांत आहे. पिंजऱ्यात हात घालून त्याला धरू नये. दाराशी बोट धरावे, तो आपणहून चढला की दाणा द्यावा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे पुरतात.

बाकी काळजीही आहे. त्याला दहा-बारा तास अंधारी, शांत झोप हवी. रात्री दचकून ही जात पिंजऱ्यात धडपडते, म्हणून एक मंद दिवा असू द्यावा. बाहेर सोडताना छताचा पंखा बंद हवा. जुमेरातचा लोबान, ऊद, अगरबत्ती त्याच्या खोलीत नको, कारण पक्ष्यांची फुप्फुसे फार नाजूक असतात. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने तर पक्षी मरतो. नुसत्या बियांवर ठेवू नये; कोथिंबीर, मेथी, गाजर द्यावे. चहा, चॉकलेट, खारट पदार्थ, अव्होकॅडो कधीच नाही. पंखांची भुकटी उडते, म्हणून घरात कुणाला दमा असेल तर हा पक्षी आणूच नये.

एका संध्याकाळी जर्दा धाकटीला चावला. बोटातून रक्त आले. तुरा मागे असताना तिने हात आत घातला होता. आम्ही स्वयंपाकघरातून आलो तर थोरला पिंजऱ्यासमोर बोट नाचवत ओरडत होता, ‘‘कितीदा सांगायचं? डोकं आहे की नाही?’’

शब्द आमचे होते. सूर आमचा होता. दोनच दिवसांपूर्वी भागाकार चुकला म्हणून आम्ही ते त्याला ऐकवले होते. जर्दा अजून एक शब्दही बोलायला शिकला नव्हता. आमची नक्कल आमच्या मुलाने उचलली होती.

त्या रात्री अबू उमैर आठवला. हजरत अनस (र.) यांचा हा धाकटा भाऊ. त्याचे पाळलेले लहानसे पाखरू मेले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला लाडाने त्या पाखराविषयी विचारले. पाखरू सांभाळायला हवे हे आम्ही मुलाला रोज बजावत होतो. त्याच्याशी बोलताना मात्र तो मऊपणा आमच्याकडे नव्हता. तो तासभर गप्प बसून अभ्यास करी तेव्हा आम्ही मान वर करून पाहत नव्हतो. चूक झाली की मात्र हातातले काम टाकून धावत जात होतो. जर्दाला आम्ही जे करायचे बंद केले, ते मुलाशी चालूच होते.

आता गणित सुरू असताना बरोबर आलेल्या उदाहरणालाही आम्ही थांबतो. नेहमी जमते असे नाही. परवाच आवाज चढू लागला, तेवढ्यात धाकटी आतल्या खोलीत ओरडली, ‘‘दादी, लवकर या! तुरा मागं गेला!’’